गुप्तधनाचे खेळ आणि आपल्या जिल्ह्याचें धन

कष्टानें मिळविलेल्या द्रव्यापेक्षां अवचित सांपडलेल्या द्रव्याची गोडी मनुष्यास अधिक वाटते, ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत तर असें गांव विरळा कीं, जेथें पडक्या गढीच्या बुरुजाखालीं मोहरांचे सात रांजण पुरलेले नाहींत, त्यांवर वेटोळें घालून नाग बसलेला नाहीं, आणि अवसेच्या रात्रीं ते रांजण जमिनीखालून सरकतांना होणारा खणखणाट कोणाच्या तरी आजोबांनीं ऐकलेला नाहीं! जो पायाळू जन्मला त्याच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे त्यास भूमिगत धन दिसतें, ही समजूतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रांजण कोणाच्या हातीं लागले नाहींत. परंतु रांजणांची गोष्ट मात्र प्रत्येक घरांत सुखरूप राहिली.

हीच जुनी हौस आतां नव्या वेषानें आपल्या घरांत शिरली आहे. दूरचित्रवाणीच्या संचास जोडावयाच्या यंत्रावर किंवा संगणकावर खेळावयाचे व्हिडिओ गेम आमच्या विद्यार्थ्यांस नवे नाहींत, आणि त्यांतही खजिन्याच्या शोधाचे खेळ त्यांच्या विशेष आवडीचे आहेत. पालक म्हणतात, "या खेळांनीं मुलें बिघडलीं." मुलें म्हणतात, "आपण एकदां खेळून तर पहा." उभयपक्षांचें ऐकून घेतल्यावर, न पाहतांच निकाल देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. म्हणून 'अनचार्टेड : द नेथन ड्रेक कलेक्शन' या नांवाचा तीन खेळांचा संग्रह आम्हीं आरंभापासून अखेरपर्यंत खेळून पाहिला. त्यावरून जें मत बनलें तें विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांपुढें मांडीत आहों.

प्रथम या संग्रहाची हकीकत. हे तीन खेळ मूळचे अनुक्रमें इ. स. २००७, २००९ व २०११ या सालचे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतल्या 'नॉटी डॉग' या संस्थेनें ते सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन ३' या यंत्रासाठीं रचिले. पुढें नवें यंत्र निघालें व जुने खेळ त्यावर चालेनात. तेव्हां टेक्सस प्रांतांतील 'ब्लूपॉइंट गेम्स' या संस्थेच्या कारागिरांनीं त्यांस नवी झळाळी दिली, आणि इ. स. २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यांत ते तिन्ही 'प्लेस्टेशन ४' साठीं एकत्र प्रसिद्ध झाले. अशा कामास इंग्रजींत 'रीमास्टर' म्हणतात. त्याचें मर्म आमच्या वाचकांस तांब्याच्या हंड्यावरून सहज कळेल. भांडें तेंच, घाट तोच. कल्हई मात्र नवी. कथा, संवाद व नटांचे आवाज यांस हात न लावतां चित्रें अधिक रेखीव केलीं, आणि मूळ खेळांत सेकंदास सुमारें तीस चित्रें सरकत असत तेथें साठ सरकतील अशी योजना केली. त्यामुळें डोंगरकडा, वाळूचें वादळ, पाण्याचा तळ, हीं सर्व दृश्यें नजरेस अधिक निवळ दिसतात.

या कारागिरांचें आम्हांस कौतुक वाटतें तें त्यांच्या संयमासाठीं. जुनी वस्तु हातीं आली म्हणजे तींत आपली अक्कल मिसळण्याचा मोह भल्याभल्यांस आवरत नाहीं. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं हेमाडपंती देवळाच्या कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढवितात, गाभाऱ्यास चकचकीत फरशी बसवितात, आणि कामाची वर्गणी पुरी झाली म्हणून नारळ फोडतात. अवघ्या आठ वर्षांच्या जुन्या खेळास हात लावतांना परदेशांतील कारागीर जी काळजी घेतात, ती आपण आठशें वर्षांच्या देवळास हात लावतांना घेऊं नये काय? हा प्रश्न आम्हीं विद्यार्थ्यांस विचारीत नसून त्यांच्या वडीलधाऱ्यांस विचारीत आहों.

आतां कथेकडे वळूं. कथानायक नेथन ड्रेक हा सर फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्द्याचा आपण वंशज असल्याचें सांगतो. खऱ्या ड्रेकनें इ. स. १५७७ ते १५८० या काळांत जहाजानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि इ. स. १५९६ मध्यें पनामाच्या किनाऱ्यानजीक तो वारल्यावर शिशाच्या पेटींत घालून त्याचा देह समुद्रास अर्पण करण्यांत आला. ती पेटी आजवर कोणास सांपडलेली नाहीं. खेळांतील नायकास मात्र ती पहिल्याच प्रवेशांत सांपडते, आणि उघडून पाहतो तों आंत देह नसून ड्रेकची रोजनिशी! तेथून सोन्याच्या मूर्तीचा, म्हणजे 'एल डोराडो'चा, शोध सुरू होतो. दुसऱ्या खेळांत मार्को पोलोच्या इ. स. १२९२ च्या परतीच्या जलप्रवासाचा धागा धरून नायक नेपाळ व तिबेटांतून शंबल नगरीपर्यंत पोंचतो व तेथील चिंतामणि रत्नाचा माग काढतो. तिसऱ्यांत तो अरबस्तानच्या वाळवंटांत गडप झालेल्या इरम नगरीच्या शोधास निघतो.

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे व ती पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. ज्या धनासाठीं एवढा खटाटोप, तें धन तिन्ही वेळां घातकच निघतें. सोन्याच्या मूर्तीच्या पोटांत माणसास पशु बनविणारा रोग असतो. चिंतामणि म्हणून ज्याचा गाजावाजा झाला तें रत्न नसून एका झाडाची राळ असते. आणि इरमच्या विहिरीच्या तळाशीं असलेल्या पितळी पात्रामुळें तेथील पाणीच विषारी झालेलें असतें. ज्यांनीं लोभ धरिला ते प्राणास मुकतात, आणि नायक आपल्या सोबत्यांचे प्राण वांचवून परततो. आपल्या कीर्तनकारांनीं लोभावर निरूपण करावें, त्याहून हें तात्पर्य फारसें वेगळें नाहीं.

खेळाचे गुणही सांगितलेच पाहिजेत. नायकाजवळ एक वही असते. तींत नकाशे, आकृत्या, शिलालेखांचीं चिन्हें काढलेलीं असतात, आणि कोडें अडलें म्हणजे तीच वही उघडून, चित्राशीं चित्र ताडून पाहावें लागतें. दहा वेळां पडल्यावांचून कडा चढतां येत नाहीं. मुलास निरीक्षणाची व चिकाटीची अशी शिकवण कोठेंही मिळो, ती आम्हांस स्वागतार्ह वाटते. शिवाय पडक्या भिंती, जुनीं तळघरें व मुक्या झालेल्या वाड्यांविषयीं मनांत जें कुतूहल जागें होतें, तें इतिहासाच्या पुस्तकांतील सनावळीनें सहसा जागें होत नाहीं.

पालकांच्या तक्रारी मुख्यतः दोन आहेत : वेळ फार जातो, आणि बंदुका फार चालतात. दोन्ही खऱ्या आहेत. तिन्ही खेळांत मिळून नायक शेंकडों माणसांस गोळ्या घालतो, आणि लगेच पुढच्या प्रसंगीं थट्टामस्करी करूं लागतो. हा विसंवाद खुद्द कर्त्यांसही जाणवला असावा, कारण इ. स. २०१६ च्या चौथ्या खेळांत हजार शत्रु मारणाऱ्यास जें बक्षीस ठेविलें, त्याचें नांवच कथा व खेळ यांच्या अशा विसंगतीची चेष्टा करणारें आहे. अमेरिकेंत हा संग्रह तेरा वर्षांवरील मुलांसाठीं, तर युरोपांत सोळा वर्षांवरील मुलांसाठीं म्हणून नोंदलेला आहे. हा आंकडा वेष्टनावर छापलेला असतो, परंतु तो वाचणारे पालक थोडे. आमच्या मतें प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हातीं हा खेळ देऊं नये. वरच्या वर्गांतील मुलांनीं तो सुटींत, घरांतील मोठ्या माणसांच्या देखत, व वेळ ठरवून खेळावा. एवढें पथ्य पाळलें तर आकाश कोसळणार नाहीं.

तथापि आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो अद्याप कोणाच्या तोंडून आमच्या ऐकण्यांत आला नाहीं. या खेळांत वाटेवर जागोजाग लहानसहान प्राचीन वस्तु दडवून ठेविल्या आहेत. पहिल्या खेळांत साठ, दुसऱ्यांत शंभर व तिसऱ्यांत शंभर. शिवाय प्रत्येकांत एकेक विचित्र अवशेष. वस्तु जवळ आली कीं ती चमकते. कळ दाबली कीं ती नायकाच्या खिशांत जाते. आणि यादींत तिचें चित्र व नांव उमटतें. 'चांदीची अंगठी', 'हस्तिदंती पेटी' इतकें कळलें कीं संपलें. ती कोणत्या दालनांत, कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं पडली होती, याची नोंद यादींत नाहीं व ती विचारण्याचें कोणास कारणही नाहीं. तसेंच, शेंकडों वर्षें उभी असलेली नगरी शेवटच्या प्रवेशांत एका घटकेंत कोसळते, आणि नायकाच्या डोळ्यांस त्याबद्दल पाणी येत नाहीं. लोभ वाईट हें खेळ शिकवितो. परंतु जुन्या वस्तूचें मोल कशांत असतें, हें मात्र उलटें शिकवितो. हें उलटें शिक्षण इतर जिल्ह्यांस कदाचित् परवडेल. आपल्या जिल्ह्यास परवडणारें नाहीं. तें कां, हें सांगण्यासाठीं तेरला जावें लागेल.

तेरणा नदीच्या कांठचें तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक प्रवासवृत्तांत दक्षिणापथांतील दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत : भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगराहून जाडेंभरडें कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटेनें भडोच बंदरास जात असे व तेथून पश्चिमेच्या देशांस. टॉलेमीच्या भूगोलांतही तगराचा उल्लेख आहे. हें तगर नेमकें कोठें होतें याविषयीं विद्वानांत पुष्कळ वर्षें वाद चालला. इ. स. १९०१ मध्यें फ्लीट यांनीं तें तेरच होय असें प्रतिपादन केलें. त्यानंतर थोड्याच काळानें हेन्री कझिन्स यांनीं तेथील त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाचा मागचा अर्धवर्तुळाकार घाट पाहून, तें मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें असा अभिप्राय दिला.

पुढें इ. स. १९५८ मध्यें चापेकर यांनीं व त्यानंतर इतरांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. मातीच्या मूर्ति, मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांचीं नाणीं, रोमन नाण्यांच्या घाटाचीं मातीचीं पदकें, अशा वस्तूंनीं तेरचें पांढरीचें टेकाड भरलेलें आहे. तेथील कांहीं जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत कीं त्या पाण्यावर तरंगतात! मातींत तूस मिसळून भाजल्यामुळें विटेच्या पोटांत बारीक पोकळ्या राहतात, हें त्याचें कारण सांगतात. खेळांत असें नवल दिसतें तर मुलांनीं तोंडांत बोट घातलें असतें. आपल्या जिल्ह्यांत तें असूनही तें न पाहिलेलीं मुलें आमच्या शाळेंत पुष्कळ आहेत.

वस्तूपेक्षां तिची जागा मोलाची कां, याचें उत्तम उदाहरण तेरच्याच संग्रहालयांत आहे. तेथें एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ति ठेविलेली आहे. तिच्याशीं नातें सांगणारी अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ति इ. स. १९३८ मध्यें इटलींतील पाँपेई शहराच्या अवशेषांत सांपडली व ती आतां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. अर्थात् त्या राखेखालून निघालेली मूर्ति त्या वर्षापूर्वींच घडलेली व त्यापूर्वींच समुद्र ओलांडून गेलेली असली पाहिजे. पुढें जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें इ. स. १९७३ च्या सुमाराच्या उत्खननांत तशाच घाटाची आणखी एक मूर्ति मिळाली, आणि तेर, भोकरदन व पाँपेई यांची सांगड विद्वानांनीं घातली. आतां कल्पना करा कीं, पाँपेईची ती मूर्ति एखाद्या चोरानें रातोरात उपसून बाजारांत विकली असती. हस्तिदंत तोच राहिला असता, कोरीव काम तेंच राहिलें असतें, किंमतही भरपूर आली असती. परंतु ती कोठून निघाली हें न कळल्यामुळें, आपल्या मराठी मुलखांतील कारागिरांचा माल रोमच्या राज्यांत केव्हां पोंचत होता, याचा हा साक्षीदार कायमचा मुका झाला असता. मूर्तीचें तोंड उघडलें तें राखेनें, म्हणजे जागेनें.

तेरचें हें संग्रहालय कोणाच्या नांवें आहे हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाठ करून ठेवावें. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे एक व्यापारी. पावसानें टेकाडाची माती वाहून गेली म्हणजे, किंवा शेतांत नांगर फिरला म्हणजे, ज्या वस्तु वर येत त्या त्यांनीं आयुष्यभर जमविल्या. त्या मुंबईच्या किंवा परदेशच्या बाजारांत नेऊन विकणें त्यांस अशक्य नव्हतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्या हजारों वस्तूंचें पुढें त्यांच्याच नांवाचें शासकीय संग्रहालय झालें, आणि तगराचें धन तगरांतच राहिलें. खेळांतला नायक जग पालथें घालतो व ज्याच्या शोधास निघाला तें धन न घेतांच परततो; तेरचे हे गृहस्थ आपलें गांव न सोडतां साऱ्या जिल्ह्यास श्रीमंत करून गेले. दोघांपैकीं अधिक मोठा साहसी कोण, हें मुलांनींच ठरवावें.

तेरपासून आपण धाराशिवच्या लेण्यांकडे येऊं. या लेण्यांचें वर्णन जेम्स बर्जेस यांनीं इ. स. १८७८ च्या आपल्या अहवालांत केलें आहे. परंतु त्याहून फार जुनें वर्णन मुनि कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यांत आहे. हें काव्य अकराव्या शतकांतील मानतात, व डॉ. हिरालाल जैन यांनीं तें इ. स. १९३४ मध्यें कारंजा येथील जैन ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. त्यांतील कथा अशी कीं, करकंड राजा तेरापुरास आला असतां त्यास डोंगरांतील लेण्याची वार्ता लागली. जवळच्या वारुळाची एक हत्ती रोज कमळ वाहून पूजा करीत असे. राजानें तें वारूळ उकरविलें तों आंत पार्श्वनाथाची मूर्ति निघाली. पुढें लेण्यांतील मूर्तीच्या सिंहासनावर त्यास एक गांठ दिसली. जुन्या शिल्पकारानें सांगितलें कीं, येथें पाण्याचा झरा होता, तो कोंडण्यासाठीं ही गांठ बसविली आहे. ती फोडूं नये. राजानें ऐकलें नाहीं. गांठ फुटतांच पाण्याचा लोट उसळला व लेणें जलमय झालें. मग राजास पश्चात्ताप झाला.

वाचकहो, या कथेंत आणि आजच्या खेळांत काय उणें आहे? गुप्त खूण आहे, जाणत्याचा इशारा आहे, न जुमानणारा वीर आहे आणि उसळणारें पाणी आहे. भेद एवढाच कीं, आपल्या कवीनें जाणत्या शिल्पकाराच्या तोंडीं 'फोडूं नये' हे शब्द घातले आणि राजास अखेर पस्तावा करावयास लाविला. हजार वर्षांपूर्वींच्या कवीस जी गोष्ट कळली होती, ती कोट्यवधि रुपये खर्चून खेळ रचणाऱ्यांस पुष्कळ उशिरां कळली.

साहसी वास्तु पाहावयाची असेल तर नळदुर्ग कांहीं दूर नाहीं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ मध्यें, तेथें बोरी नदीवर धरण बांधिलें व धरणाच्या पोटांत पाणीमहाल कोरला. पावसाळ्यांत डोक्यावरून नदी कोसळत असते व आंत बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाहीं. परांड्याचा भुईकोटही तसाच पाहण्याजोगा. विजापुरास आज जी 'मलिक-ए-मैदान' तोफ पाहावयास मिळते ती इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतलेली. ती पुष्कळ वर्षें परांड्याच्या किल्ल्यावर होती व इ. स. १६३२ मध्यें विजापुरास नेण्यांत आली. एवढें धूड बैलांकडून ओढवीत त्या काळच्या वाटांनीं कसें नेलें असेल, या कोड्यापुढें पडद्यावरचीं कोडीं पोरकट वाटतात.

आतां थोडें कडू बोलणें भाग आहे. गुप्तधनाच्या आशेनें ओसाड देवळांचे गाभारे खणणें, नंदीचें पोट फोडून पाहणें, वीरगळ उलथून टाकणें, हे प्रकार महाराष्ट्रांत अजून बंद झालेले नाहींत. फोडणाऱ्यांस दगडाखेरीज बहुधा कांहीं मिळत नाहीं; फुटलेला नंदी मात्र पुन्हां सांधत नाहीं. कांहीं ठिकाणीं मांत्रिकाच्या नादीं लागून याहूनही घोर कृत्यें झालीं, आणि म्हणूनच इ. स. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यांत धनाच्या शोधासाठीं केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. अशा खणणाऱ्यांत शिकलेलीं माणसेंही असतात. तेव्हां ही केवळ अडाणीपणाची व्याधि आहे असें म्हणून आम्हां शिक्षकांस हात झटकतां येणार नाहींत.

याविषयींचा कायदा किती शहाणा आहे तो पहा. इ. स. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु ज्यास सांपडेल त्यानें कलेक्टरास लेखी कळविलें पाहिजे; आणि त्या लेखांत तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत : वस्तु काय व किती, ती कोणत्या जागीं सांपडली, व कोणत्या दिवशीं सांपडली. खेळाच्या यादींत पहिलीच गोष्ट आहे; दुसरी व तिसरी नाहींत. दीडशें वर्षांच्या घरांत आलेल्या कायद्यास जी जागेची किंमत कळली, ती नव्या यंत्रास कळूं नये, हें नवल. पुरावस्तूंविषयींच्या इ. स. १९७२ च्या कायद्यानें तर शंभर वर्षांहून जुनी वस्तु खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं, व परवान्यावांचून तिचा व्यापार करितां येत नाहीं.

खेळाच्या कर्त्यांस न्याय द्यावयाचा तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच मालिकेंतील 'द लॉस्ट लेगसी' हा इ. स. २०१७ चा खेळ आपल्या देशांत, पश्चिम घाटांत घडतो. त्यांत क्लोई व नेडीन या दोन स्त्रिया होयसळ राजांच्या कथांचा माग काढीत गणपतीच्या दंतापर्यंत पोंचतात. क्लोईचा पिता भारतीय असून त्यानेंही या शोधापायीं प्राण वेंचलेले असतात. या खेळांत बेलूर व हळेबीड हीं नांवें येतात. खऱ्या बेलूर व हळेबीडचीं देवळें कर्नाटकांत हासन जिल्ह्यांत आजही उभीं आहेत, आणि इ. स. २०२३ मध्यें युनेस्कोनें त्यांची गणना जागतिक वारशांत केली. मुख्य सांगावयाचें तें हें कीं, या कथेच्या अखेरीस तो दंत विकून पैसा करावा असें सोबत्याच्या मनांत असतांही, तो भारत सरकारच्या सांस्कृतिक खात्याच्या हवालीं करण्याचें त्या ठरवितात. पहिल्या खेळापासून या शेवटापर्यंत यावयास कर्त्यांस दहा वर्षें लागलीं. हा चौथा व हा पांचवा असे दोन्ही खेळ इ. स. २०२२ मध्यें पुन्हां उजळून एकत्र प्रसिद्ध झाले आहेत. ज्या विद्यार्थ्यास खेळावयाचेंच आहे त्यानें निदान येथपर्यंत यावें. मध्येंच थांबूं नये.

मग आमचें मत काय? खेळ जप्त करावा असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या कुतूहलानें मूल पडद्यावरच्या पडक्या नगरींत दोन प्रहर रमतें, तें कुतूहल म्हणजे आयतीच नांगरलेली जमीन होय. तींत आपण कांहीं पेरलें नाहीं तर तण माजेल, आणि दोष जमिनीस देतां येणार नाहीं. पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें एक खेळ संपविला म्हणजे त्यास रागें न भरतां एका रविवारीं तेरला न्यावें. धाराशिवहून तेर कांहीं काशी नव्हे! संग्रहालयांतील ती हस्तिदंती मूर्ति दाखवावी, त्रिविक्रमाच्या देवळाच्या विटा दाखवाव्या, आणि 'ही येथें कशी आली असेल?' एवढा एकच प्रश्न विचारून गप्प बसावें. पुढचें काम मूल स्वतः करील.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें याहून थोडें. नायकाची बंदूक विसरा, वही उचला. आपल्या गांवांतील वीरगळ, बारव, शिलालेख, पडकी वेस यांचीं चित्रें त्या वहींत काढा. वडील माणसें त्यांविषयीं जें सांगतात तें लिहून ठेवा. शेतांत खापर, मणी किंवा नाणें दिसलें तर तें खिशांत घालूं नका. जेथें आहे तेथेंच ठेवून त्याचें छायाचित्र घ्या. शेताचें नांव, गट क्रमांक व तारीख टिपा. आणि शिक्षकांस किंवा तलाठ्यास कळवा. कांहींही खणूं नका. कारण खणण्याचीही एक विद्या आहे, आणि ती येत नसतां खणलेला प्रत्येक हात म्हणजे पुस्तकाचें न वाचतां फाडलेलें एकेक पान होय. अशा वह्या दर वर्षीं वर्गांत वाचल्या गेल्या तर दहा वर्षांत जिल्ह्यांतील एकही बारव नोंदीवांचून राहणार नाहीं.

तेर हें संत गोरोबाकाकांचें गांव. हातांतील थापटण्यानें एकेकाच्या डोक्यावर हलकेच थापटून, कोणतें मडकें पक्कें व कोणतें कच्चें, हें त्यांनीं संतमंडळींत सांगितल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मुलांच्या या नव्या आवडीवरही तसेंच एकदां थापटून पाहावें. तेरच्या टेकाडावर उभें राहिल्यावर ज्याचा हात खणण्याकडे न जातां वहीकडे जाईल, त्याचें मडकें पक्कें भाजलें असें समजावें. त्यानें पुढें खुशाल आणखी दहा खेळ खेळावे.